कृत्रिम पायाला 'जाणीव' देणारे सेन्सर

एका पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. साठीच्या घरातील एक शेतकरी गृहस्थ सुनेला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. तीन वर्षांपूर्वी मधुमेहामुळे गँगरीन होऊन त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. पुढे कृत्रिम पाय मिळाला आणि ते पुन्हा शेताच्या बांधावरून हिंडू-फिरू लागले. त्या दिवशी त्यांची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती सुनेची. "पायाचा मोजा धुवायला घेतला तर त्याला डाग दिसला. मामंजी म्हणतात काही नाही, म्हणून मीच ओढून आणलं," ती म्हणाली.

पाय उतरवून पाहिले. नडगीच्या हाडाच्या टोकाशी रुपयाएवढी जखम होती आणि आत पू धरला होता. "अहो, एवढं होईपर्यंत थांबलात कशाला?" मी विचारले. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुखलं असतं तर त्याच दिवशी आलो नसतो का?"

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ज्या मधुमेहाने पाय नेला, त्यानेच उरलेल्या भागातील मज्जातंतूही बधिर केले होते. वेदना ही आपल्याला शत्रू वाटते. प्रत्यक्षात ती शरीराची राखणदार आहे. राखणदारच झोपी गेला तर घरात चोर शिरल्याचे कळणार कसे? ही राखणदारी यंत्राकडून करून घेता येईल का, असा विचार जगभरातील संशोधक करीत आहेत. आजच्या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

पाय चांगला, पण 'सॉकेट' कसे आहे?

कृत्रिम पाय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जयपूर फूट येतो. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलात उतरणे या आपल्याकडच्या गरजा ओळखून केलेला हा रबरी पाय जगभर गेला. या कार्यासाठी डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांची सेवा करीत आले आहे.

परंतु पाऊल कितीही उत्तम असले तरी वापरणाऱ्याचे सुख-दुःख अवलंबून असते ते वरच्या भागावर. पाय कापल्यानंतर शरीराला जो भाग उरतो त्याला 'स्टंप' म्हणतात. हा स्टंप ज्या पेल्यासारख्या पोकळ भागात बसतो त्याला 'सॉकेट' म्हणतात. माणसाचा सारा भार या सॉकेटमधून जमिनीवर जातो.

निसर्गाने भार घेण्यासाठी तळपाय दिला आहे. तेथील कातडी जाड आणि तिच्याखाली चरबीची गादी. नडगीवरची कातडी मात्र पातळ, आणि लगेच खाली हाड. तिच्यावर सतत दाब पडला तर काय होते याचा छोटा प्रयोग आपण आत्ताच करून पाहू शकता. अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबा. ते पांढरे पडते, कारण बारीक रक्तवाहिन्या दबून रक्त थांबते. बोट काढताच ते पुन्हा गुलाबी होते. सॉकेटमधील एखाद्या जागी असा दाब तासन् तास राहिला तर कातडीला रक्त मिळत नाही. ती आधी लाल होते, मग फोड येतो, मग जखम होते.

म्हणून चांगल्या सॉकेटमध्ये भार वाटून दिलेला असतो. गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर, पोटरीचे स्नायू या जागा भार सोसतात. नडगीची धार, स्टंपचे टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा या जागा सोसत नाहीत. तंत्रज्ञ प्लॅस्टरचा साचा घेतो, कुठे खरवडतो, कुठे भर घालतो आणि विचारतो, "कुठे लागतंय का?" वापरणाऱ्याच्या उत्तरावर पुढचे सारे ठरते. पण ज्याचा स्टंपच बधिर आहे तो काय उत्तर देणार? लहान मूल किंवा पाय नुकताच गेलेला माणूस यांनाही नेमके सांगता येत नाही.

सकाळचा स्टंप संध्याकाळी वेगळा

आणखी एक अडचण अशी, की स्टंप हा लाकडाचा ओंडका नव्हे. तो जिवंत मांसाचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात तो बराच आटतो. त्यानंतरही रोजच्या रोज त्याचे आकारमान कमी-जास्त होत राहते. सॉकेट घालून दिवसभर चालले की पुष्कळ जणांचा स्टंप संध्याकाळपर्यंत थोडा बारीक होतो. उलट रात्रभर पाय काढून ठेवला, जास्त मीठ खाल्ले, किंवा मूत्रपिंडाचा विकार असला तर तो सुजतो.

सॉकेट मात्र कठीण प्लॅस्टिकचे असते. ते काही लहान-मोठे होत नाही. त्यामुळे सकाळी घट्ट बसणारा पाय सायंकाळी सैल होतो. स्टंप आत खाली घसरतो, टोक तळाला टेकते आणि दर पावलाला कातडी घासते. ढिला बूट घालून चार मैल चालल्यावर टाचेचे जे होते, तेच येथे होते.

त्यात उष्णता आणि घाम यांची भर. सॉकेट बंदिस्त असते आणि त्याच्या आत बहुधा सिलिकॉनचा मऊ मोजा, म्हणजे लायनर असतो. वारा लागत नाही. अर्धा-पाऊण तास चालल्यावर आतील कातडीचे तापमान काही अंशांनी चढते आणि नंतर तासभर बसून राहिले तरी ते पूर्ण उतरत नाही, असे मोजमापात आढळले आहे. ओल्या कातडीला घासण्याची इजा लवकर होते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल याची कल्पना करावी.

सेन्सर म्हणजे काय?

सेन्सर किंवा संवेदक म्हणजे एखाद्या गोष्टीतील बदल टिपून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा छोटा भाग. तापमापीत, मोबाइल फोनमध्ये, वजनकाट्यात तो असतोच. कृत्रिम पायासाठी मुख्यतः पुढील प्रकारचे सेन्सर वापरून पाहिले जात आहेत.

दाब मोजणारे : कागदासारख्या पातळ पट्टीत वीज वाहून नेणारा एक थर असतो. पट्टी दाबली की त्यातून वीज अधिक सहज वाहते. किती वीज वाहिली यावरून दाब किती ते कळते. अशा पट्ट्या सॉकेट आणि स्टंप यांच्यामध्ये ठेवून चालायला लावले, की कोणत्या जागी जास्त भार येतो याचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर दिसतो.

घासणे मोजणारे : कातडीला केवळ सरळ दाबाने इजा होत नाही. आडवी ओढ बसल्यानेही होते. ही ओढ मोजणे अवघड असते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात सरळ दाब आणि आडवी ओढ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजणारे लहान सेन्सर तयार करण्यात आले आहेत.

उष्णता आणि ओल मोजणारे : हे आकाराने अगदी लहान असून लायनरमध्ये बसविता येतात.

आकारमान मोजणारे : स्टंपवर छोट्या चकत्या चिकटवून त्यातून अगदी सौम्य, मुळीच न जाणवणारा वीजप्रवाह सोडतात. आत पाणी किती आहे त्यावर प्रवाहाला होणारा अडथळा ठरतो. त्यावरून स्टंप फुगला की आटला ते समजते. अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. स्टंप आटला की सॉकेट आपोआप थोडे आवळले जावे, फुगला की सैल व्हावे, असे सॉकेट तयार करण्याचेही त्यांचे प्रयत्न आहेत.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ इतकाच, की जखम होण्याआधी सूचना मिळावी. मोबाइल फोनवर संदेश यावा, 'नडगीच्या टोकाशी दाब वाढला आहे, थांबा, मोजा तपासा.'

उष्णता हा आधीचा इशारा

उष्णतेला एवढे महत्त्व का, असा प्रश्न पडेल. कातडी फाटण्यापूर्वी आतील मांसाला इजा होऊन दाह सुरू होतो आणि ती जागा गरम होते. डोळ्यांना काही दिसण्याआधी हा बदल झालेला असतो.

पायाला व्रण होण्याचा धोका जास्त असलेल्या मधुमेही रुग्णांवर अमेरिकेत जे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २००४ आणि २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना घरी वापरण्यासाठी साधी तापमापी दिली होती. दोन्ही तळपायांवरील त्याच त्या जागांचे तापमान रोज मोजायचे. दोहोंत ४ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला तर तो उतरेपर्यंत चालणे कमी करायचे. इतक्या साध्या उपायाने नव्या व्रणांचे प्रमाण पुष्कळ कमी झाले. हे प्रयोग तळपायावरचे होते, स्टंपवरचे नव्हेत. पण 'आधी गरम, मग जखम' हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

पडण्यापासून रक्षण

आतापर्यंत सॉकेटमधील सेन्सर पाहिले. ज्यांचा पाय मांडीतून गेला आहे त्यांच्यापुढे दुसरी भीती असते, ती पडण्याची. साधा यांत्रिक गुडघा नको तेव्हा दुमडला तर माणूस कोसळतो. १९९७ साली जर्मनीच्या ऑटो बॉक कंपनीने 'सी-लेग' हा संगणकीय गुडघा आणला. त्यातील सेन्सर गुडघ्याचा कोन आणि पायावरील भार सेकंदाला सुमारे पन्नास वेळा मोजतात आणि त्यानुसार गुडघा ताठ वा सैल केला जातो. ठेच लागली तर तो स्वतःच आवरून धरतो.

असे परदेशी गुडघे लाखो रुपयांचे असतात. इस्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये देशी बनावटीच्या अशाच गुडघ्याच्या नमुन्याची माहिती जाहीर केली. त्याचे वजन सुमारे १.६ किलो असून त्यात भार आणि कोन मोजणारे सेन्सर, छोटा संगणक आणि बॅटरी आहे. मांडीतून पाय गेलेली व्यक्ती तो लावून सुमारे १०० मीटर चालली. त्याची किंमत परदेशी गुडघ्याच्या मानाने खूपच कमी ठेवण्याचा हेतू आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पावलाची जाणीव मेंदूपर्यंत नेणे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथील ईटीएच या संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कृत्रिम पायाच्या तळाला आणि गुडघ्याला सेन्सर लावले आणि मांडीतील मज्जातंतूत शस्त्रक्रियेने बारीक तारा बसवून सेन्सरचे संकेत तेथे पोहोचविले. माणसाला पाऊल टेकल्याचे जाणवू लागले. तो भराभर चालू लागला आणि त्याला थकवा कमी आला. नसलेल्या पायात होणाऱ्या वेदनाही कमी झाल्या. मात्र हा प्रयोग दोन-तीनच व्यक्तींवर झाला होता, हे ध्यानात घ्यावे.

डॉ. ब्रँड यांचा धडा

मग सेन्सर लावले की काम झाले का? येथे एक जुना अनुभव सांगण्यासारखा आहे. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा केली. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. तेथे वेदना नसते, म्हणून भाजणे, कापणे, घासणे कळत नाही आणि वारंवार होणाऱ्या इजांनी बोटे झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात असताना त्यांनी 'कृत्रिम वेदना' निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोजे आणि पायमोजे यांत दाब मोजणारे छोटे सेन्सर बसविले. दाब वाढला की आवाज व्हायचा किंवा दिवा लागायचा. रुग्ण तो इशारा ऐकत, पण हातातले काम चालूच ठेवीत. म्हणून विजेचा झटका देऊन पाहिला. तेव्हा जोर लावण्याचे काम आले की रुग्ण आधी यंत्र बंद करून टाकीत. अखेरीस तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. खऱ्या वेदनेचे बटण आपल्या हाती नसते आणि तिचे महत्त्व त्यातच आहे. यंत्राचे बटण मात्र आपल्या हाती असते.

आजचे सेन्सर त्या काळच्या मानाने फार पुढे गेले आहेत. तरीही हा धडा जुना झालेला नाही. इशारा ऐकून थांबणारा माणूस असेल तरच इशाऱ्याचा उपयोग.

अजून अडचणी कोणत्या?

सेन्सर स्वतःच जाड असला तर तोच टोचू लागतो. घामाने तो बिघडतो. रोजच्या वापराने त्याचे मोजमाप हळूहळू चुकू लागते. पट्टी सपाट असते आणि स्टंप गोलाकार, त्यामुळे ती दुमडते. बॅटरी भारित करावी लागते. किंमत हा तर मोठाच प्रश्न आहे. या कारणांमुळे सॉकेटच्या आतले सेन्सर अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळांत आणि मोठ्या केंद्रांत आहेत. कोणी 'सेन्सरवाला पाय' म्हणून महागडी वस्तू दाखविली, तर तो सेन्सर गुडघ्यात आहे की सॉकेटमध्ये, तो नेमके काय मोजतो आणि बिघडल्यास दुरुस्ती कुठे होते, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गुडघ्यातील सेन्सर पडण्यापासून वाचवील, जखमेपासून नव्हे.

तोपर्यंत आपण काय करावे?

यंत्राचा सेन्सर आपल्या गावी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपले डोळे, आपले हात आणि एक आरसा हेच आपले सेन्सर.

१. रोज रात्री पाय उतरवल्यावर चांगल्या उजेडात स्टंप सर्व बाजूंनी पाहावा. मागची बाजू हातआरशात पाहावी. दृष्टी अधू असेल तर घरच्या माणसाने पाहावे.

२. लाल झालेली जागा दहा-पंधरा मिनिटांत पूर्ववत झाली पाहिजे. लाली तशीच राहिली तर सॉकेट दुरुस्त होईपर्यंत तो पाय वापरू नये.

३. हाताच्या पाठीने स्टंप चाचपावा. एखादी जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागली तर तो इशारा समजावा.

४. स्टंप रात्री सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. सकाळी धुऊन लगेच ओलसर कातडीवर पाय चढवू नये. मोजा रोज धुतलेला वापरावा. लायनरही रोज धुऊन वाळवावा.

५. दिवसा पाय सैल वाटू लागला तर आणखी एक मोजा चढवावा. यासाठी जादा मोजा नेहमी जवळ असावा. कापूस किंवा चिंध्या कोंबू नयेत. त्यांचा गोळा होऊन नवीच जखम होते.

६. नवा पाय पहिल्या दिवशी तासभरच घालावा आणि वेळ हळूहळू वाढवावी.

७. घट्टा किंवा भोवरी ब्लेडने कापू नये. बधिर भागाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये.

८. वजन वाढले किंवा घटले, अथवा चपलेच्या टाचेची उंची बदलली तर तंत्रज्ञाला दाखवावे.

९. दुसऱ्या पायाची तितकीच काळजी घ्यावी. आता सारा भार त्याच्यावर आहे.

सॉकेट बिघडले तर मुकाट्याने सोसत बसू नये. केंद्र सरकारची 'ॲडिप' योजना १९८१ पासून चालू असून तिच्याद्वारे पात्र व्यक्तींना कृत्रिम अवयव मिळतात. याबाबत जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. स्टंपची जखम चिघळली तर पाय आणखी वर, कधी गुडघ्याच्याही वर कापावा लागतो. गुडघा शाबूत असेल तर कृत्रिम पायाने चालताना सुमारे एक चतुर्थांश जादा शक्ती लागते. गुडघा गेला की निम्म्याहून अधिक जादा लागते. साठीच्या माणसाला हा फरक म्हणजे शेतावर जाणे आणि ओट्यावर बसून राहणे यातला फरक असतो.

सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांचा गुडघा सुदैवाने वाचला. सात आठवडे पाय न घालता ते कुबड्यांवर राहिले, जखम भरली आणि नवे सॉकेट करून घेतले. आता त्यांच्या खाटेशेजारच्या खिळ्याला दाढीचा आरसा टांगलेला असतो. परवा ते रक्तातील साखर तपासायला आले होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुखत नाही. पण दाखवायला आलोय."